यादीच्या आत, यादीच्या बाहेर

२०१८ च्या पावसाळ्याच्या तोंडावर जळगाव आणि धुळे या खानदेशातल्या शेजारी जिल्ह्यांत तीन आठवड्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या. दोन्हींचे व्हिडिओ देशभर फिरले. बातम्यांत दोन्ही शेजारी शेजारी छापल्या गेल्या. कायद्याने मात्र दोन्हींकडे अगदी वेगळ्या नजरेने पाहिलं.

१० जूनला जामनेर तालुक्यातल्या वाकडी गावात मातंग समाजाची काही मुलं एका शेतातल्या विहिरीत पोहायला उतरली. विहीर खासगी होती. मुलांना पकडून त्यांचे कपडे काढून घेतले गेले आणि त्यांना पट्ट्याने, काठीने मारलं गेलं. झाडाची पानं पुढे धरून अंग झाकण्याची त्यांची धडपड कुणीतरी मोबाइलवर टिपली. पोलिसांनी बालकांच्या संरक्षणाचा ‘पॉक्सो’ कायदा लावला, माहिती तंत्रज्ञान कायदा लावला आणि ॲट्रॉसिटीही लावली. ॲट्रॉसिटी म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९. इतकं लांब नाव कुणी घेत नाही. पोलीस ठाण्यात, चहाच्या टपरीवर आणि मंत्रालयातही ‘ॲट्रॉसिटी लागली का?’ एवढंच विचारतात.

१ जुलै, रविवार. साक्री तालुक्यात राईनपाड्याला बाजाराचा दिवस होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा महिनाभर व्हॉट्सॲपवर फिरत होतीच. जमावाने पाचही जणांना धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. खुनाचा गुन्हा दाखल झाला, कित्येकांना अटक झाली, विशेष सरकारी वकील नेमले गेले आणि २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. ॲट्रॉसिटी लागली नाही. लागूच शकत नव्हती, कारण डवरी गोसावी अनुसूचित जातींत नाहीत आणि जमातींतही नाहीत. महाराष्ट्राच्या यादीत ते ‘भटक्या जमाती’ आहेत, आणि १९८९ च्या कायद्याला भटक्या जमाती ठाऊकच नाहीत.

मार पोहणाऱ्या मुलांनी खाल्ला तेव्हा कायद्याला त्यामागची जात दिसली. पाच जणांचा जीव गेला तेव्हा खुनापलीकडचं काही दिसलं नाही. या दोन घटनांतला प्रश्न हाच आहे. एखाद्या समाजाविषयीचा द्वेष कायद्याने कसा ओळखायचा? त्याची व्याख्या कुणी, कोणत्या शब्दांत करायची? हाच प्रश्न युरोप-अमेरिकेत ज्यूद्वेषाच्या व्याख्येवरून गेली वीस वर्षं पेटलेला आहे. त्या भांडणाकडेही जाऊ, पण त्याची गोम खानदेशातून जास्त स्पष्ट दिसते.

वाकडीनंतर एक वाद लगेच उभा राहिला. त्या वेळच्या वृत्तांनुसार मुख्य आरोपी स्वतः भटक्या-विमुक्त प्रवर्गातला होता. मग याला सवर्णांनी दलितांवर केलेला अत्याचार कसं म्हणायचं? विहिरीच्या मालकाचा राग आणि त्यातून झालेली मारहाण, एवढंच हे प्रकरण आहे, जातीचा संबंध नाही, असंही बोललं गेलं. कायद्याचं उत्तर सरळ आहे. आरोपी सवर्ण असला पाहिजे असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. तो अनुसूचित जाती-जमातीचा नसावा, एवढीच अट आहे. पीडित यादीतला आणि आरोपी यादीबाहेरचा असला की कायद्याचं दार उघडतं. आता पेच पाहा. वाकडीत आरोपीच्या बाजूला असलेला भटका-विमुक्त प्रवर्ग राईनपाड्यात पीडितांच्या बाजूला होता, आणि यादीत तो दोन्ही वेळा नव्हता.

दार उघडल्यावर पुढे काय होतं, हे थोडं जवळून बघू. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला की तपास फौजदाराकडे राहत नाही, तो किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. अटकपूर्व जामिनाचा मार्ग जवळजवळ बंद होतो. विशेष न्यायालय बसतं. पीडिताला द्यायच्या मदतीचा तक्ता नियमांतच छापलेला आहे. २०१६ च्या सुधारित नियमांनुसार ही मदत ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत असते आणि तिचा पहिला हप्ता निकालाची वाट न पाहता मिळायला हवा. प्रत्यक्षात किती ठिकाणी वेळेवर मिळतो, हे समाजकल्याण कार्यालयाचे उंबरे झिजवणाऱ्यांना विचारावं. तरी तो हक्क कागदावर आहे आणि मागता येतो. राईनपाड्याच्या मृतांच्या कुटुंबांना सरकारने मदत जाहीर केली, पण ती सरकारच्या इच्छेने. त्यांच्यासाठी असा तक्ता कुठल्याच नियमात नव्हता. व्याख्येत बसणं किंवा न बसणं याचा घरातल्या माणसांसाठी अर्थ इतका रोकडा असतो.

१९८९ च्या कायद्याची रचना मात्र दाद द्यावी अशी आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात ‘जातिद्वेष म्हणजे काय’ याची व्याख्या सापडत नाही. तिथे कृत्यांची यादी आहे. तोंडात अखाद्य वस्तू कोंबणे, अंगणात घाण किंवा मेलेलं जनावर टाकणे, कपडे उतरवून धिंड काढणे, जमिनीवरून हुसकावणे, पिण्याचं पाणी घाण करणे, वहिवाटीच्या रस्त्याने जाऊ न देणे. मुळात अशी १५ कृत्यं होती. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि यादी २९ वर गेली. बळजबरीने मुंडण करणे, मिशा कापणे, चपलांचा हार घालणे, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणे, हे सगळं तीत आलं. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो, कारण एकही ओळ कल्पनेतून आलेली नाही. प्रत्येक ओळीमागे कुठल्यातरी गावाची कुठलीतरी हकिकत आहे. वाकडीची विहीर खासगी होती, तेव्हा सार्वजनिक पाण्याच्या कलमाचा तिथे उपयोग नव्हता. पण अंगावरचे कपडे काढून विटंबना करणं यादीत १९८९ पासूनच होतं. आरोपीच्या मनात काय होतं याची लांबलचक चर्चा न करताच कायद्याला ते कृत्य हाती धरता आलं.

कायदा कृत्य सोडून कारणाकडे वळतो तिथे घोटाळा सुरू होतो. याच कायद्यात एक कलम गंभीर गुन्ह्यांसाठी आहे. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे ‘या कारणावरून’ केला असेल, तर जन्मठेप. ‘या कारणावरून’ या दोन शब्दांनी काय केलं, हे खैरलांजीत दिसलं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार केलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवलं आणि त्यांतल्या सहांना फाशीची शिक्षा दिली, पण ॲट्रॉसिटी सिद्ध झाली नाही. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीचं रूपांतर पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत केलं आणि ॲट्रॉसिटीबाबत वेगळा निष्कर्ष काढला नाही. न्यायालयाला हा सूड वाटला, जातीय गुन्हा वाटला नाही. खून करणाऱ्याने ‘मी जातीमुळे मारतोय’ असं साक्षीदारांसमोर म्हणायचं राहून गेलं, म्हणून जात पुराव्यात आली नाही, असा याचा व्यवहारातला अर्थ निघतो. गावगाड्यात जमिनीचं भांडण आणि जातीचं भांडण वेगळं काढून दाखवा, असं सांगणारा कायदा ज्याने लिहिला त्याने गाव बघितलं नसावं.

संसदेने २०१५ च्या दुरुस्तीत हे शब्द बदलले. पीडित त्या समाजाचा आहे हे ‘माहीत असताना’ गुन्हा केला तरी पुरेसं, असं झालं. आरोपी पीडिताला किंवा त्याच्या घराला ओळखत असेल, तर ते त्याला माहीत होतंच असं न्यायालयाने धरून चालावं, असंही जोडलं गेलं. २०२१ मध्ये पाटण जमाल वली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. जुन्या शब्दांचा अर्थही ‘केवळ जातीमुळे’ असा लावू नये, कारण माणसावर अन्याय होतो तेव्हा जात, बाईपण, अपंगत्व ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात, असं न्यायालयाने म्हटलं. त्या खटल्यातली मुलगी अंध होती आणि दलित होती.

या कायद्याला विरोध झाला नाही असं नाही. २०१६ च्या जुलैत कोपर्डीत एका मराठा मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. तिच्यानंतर निघालेल्या मराठा मोर्चांत, धुळे-जळगावातही, ॲट्रॉसिटीचा गैरवापर थांबवा ही मागणी होती. २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अटकेआधी चौकशी आणि परवानगी हव्यात, असा निकाल दिला. २ एप्रिलला भारत बंद झाला आणि ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून निकाल निष्प्रभ केला. वाकडी आणि राईनपाडा या दोन्ही घटना नेमक्या या धामधुमीतल्या आहेत. ‘खोटी ॲट्रॉसिटी’ हा शब्दप्रयोग तेव्हा इतका रुळला होता की वाकडीचा व्हिडिओ समोर असतानाही लोक कलमांवरून वाद घालत होते. कायद्याचा गैरवापर होतो, तो सगळ्याच कायद्यांचा होतो. त्यावरचा उपाय चांगला तपास हा आहे.

आता युरोपकडे. २००५ मध्ये व्हिएन्नातल्या एका युरोपीय संस्थेने ज्यूद्वेषाच्या व्याख्येचा मसुदा काढला. तो मुख्यतः अमेरिकी वकील केनेथ स्टर्न यांनी तयार केला होता. हेतू साधा होता. देशोदेशीचे लोक ज्यूंवरच्या हल्ल्यांचे आकडे गोळा करत होते आणि कशाला मोजायचं, कशाला नाही यावर त्यांचं एकमत नव्हतं. मोजायला सोयीचं माप हवं होतं. २६ मे २०१६ ला बुखारेस्टमध्ये ‘आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडी’ने जवळजवळ तोच मसुदा कार्यकारी व्याख्या म्हणून स्वीकारला आणि ती कायद्याने बंधनकारक नाही हेही तिथेच लिहिलं. त्या व्याख्येनुसार ज्यूद्वेष हा ज्यूंविषयीचा एक विशिष्ट समज असून तो द्वेषाच्या रूपाने प्रकट होऊ शकतो. ‘विशिष्ट’ म्हणजे कोणता, हे तिथे सांगितलेलं नाही. खाली अकरा उदाहरणं आहेत आणि त्यांतली सात कुठल्या ना कुठल्या प्रकारे इस्रायलशी संबंधित आहेत. इतर देशांवर होते तशी टीका इस्रायलवर झाली तर तो ज्यूद्वेष मानता येणार नाही, असंही त्याच मजकुरात म्हटलेलं आहे.

समर्थकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जुना द्वेष नवे कपडे घालून येतो. ‘ज्यू’ म्हणायचं टाळून दुसरा शब्द वापरला की बोलणारा सुटतो, त्यामुळे उदाहरणांशिवाय व्याख्या पोकळ राहते. विरोधकांचं म्हणणंही तितकंच खरं. एखाद्या राज्याच्या धोरणावर बोलणाऱ्याच्या तोंडावर ही व्याख्या फेकता येते, आणि फेकली गेली. मोजमापासाठी केलेलं साधन शिक्षेसाठी वापरात आलं. ब्रिटन सरकारने ते २०१६ मध्ये स्वीकारलं. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने विद्यापीठांतल्या भेदभावाच्या तक्रारी तपासताना ही व्याख्या विचारात घ्यायचं ठरलं. तेव्हा स्वतः स्टर्न विरोधात उभे राहिले. विद्यापीठात कोण काय बोलतो यावर पहारा ठेवायला आपण ती लिहिली नव्हती, असं ते सांगत राहिले. २०२१ च्या मार्चमध्ये सुमारे दोनशे अभ्यासकांनी ‘जेरुसलेम जाहीरनामा’ नावाची पर्यायी व्याख्या काढली. मग कोणती व्याख्या खरी यावर नवं भांडण जुंपलं.

भारताने यातली कोणतीच व्याख्या कायद्यात आणलेली नाही. महाराष्ट्रात ज्यू आहेत. कोकणातले बेने इस्रायली शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत आले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं, आणि ते घरात मराठी बोलत राहिले. शेजाऱ्यांच्या द्वेषामुळे त्यांच्यासाठी कायदा करावा लागला, अशी वेळ आली नाही. २०१६ च्या जूनमध्ये राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो त्यांच्या धर्माची स्वतंत्र नोंद व्हावी आणि शिक्षणसंस्थांसारखे हक्क मिळावेत यासाठी. ज्यूंवर ज्यू म्हणून हल्ला मुंबईत झाला तो २६ नोव्हेंबर २००८ ला, कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये, आणि हल्लेखोर बाहेरून आलेले होते. शहरातली असंख्य ठिकाणं सोडून त्यांनी ज्यूंचं एक प्रार्थना-केंद्र निवडलं. खटल्यात खून, कट, देशाविरुद्ध युद्ध आणि दहशतवादाची कलमं लागली. ज्यूद्वेषाचं कलम नव्हतं, कारण ते कुठल्या संहितेतच नाही. शिक्षेला त्याने काही उणं पडलं नाही. जिवंत पकडलेल्या एकमेव हल्लेखोराच्या फाशीची अंमलबजावणी २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात झाली.

एक योगायोग सांगायलाच हवा. खैरलांजी, २६/११ आणि राईनपाडा या तिन्ही खटल्यांत सरकारची बाजू जळगावच्या उज्ज्वल निकम यांच्याकडे होती. एकात समूहद्वेषाचं कलम होतं पण सिद्ध झालं नाही, दुसऱ्यात ते अस्तित्वातच नव्हतं, तिसऱ्यात यादी आड आली. तिन्हींत खून सिद्ध झाला. म्हणजे खुन्याला शिक्षा करायला द्वेषाची व्याख्या लागत नाही. ती लागते तपास कुणी करायचा हे ठरवायला, पीडिताला हक्काने मदत द्यायला, पुढचा हल्ला रोखायला आणि मोजायला. आपल्याकडे मोजण्याचं काय झालं, ते संसदेच्या कामकाजात नोंदलेलं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१७ मध्ये झुंडबळी आणि द्वेषगुन्ह्यांचे आकडे गोळा केले होते. या गुन्ह्यांची व्याख्याच नसल्याने आकडे भरवशाचे नव्हते म्हणून ते काम थांबवलं, असं गृह राज्यमंत्र्यांनी सांगितलं. व्हिएन्नात याच अडचणीवर तोडगा म्हणून व्याख्या लिहिली गेली होती. आपण मोजणंच सोडून दिलं.

खानदेशातून मुंबईत गेलेल्या एका मुलीच्या मृत्यूने हा विषय विद्यापीठांच्या दारात नेला. डॉ. पायल तडवी जळगावची. मिरजेच्या सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर झालेली, मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी. २२ मे २०१९ ला तिचा मृत्यू झाला. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून सतत अपमान केल्याने तिने जीवन संपवलं, असा फिर्यादीचा आरोप आहे. आत्महत्येस प्रवृत्त करणं, ॲट्रॉसिटी आणि महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा अशी कलमं लागली.

तडवी भिल्ल हे सातपुड्याच्या पायथ्याचे, रावेर-यावल-चोपडा पट्ट्यातले आदिवासी, धर्माने मुसलमान. अनुसूचित जमात ठरवताना धर्म पाहत नाहीत, म्हणून पायलला ॲट्रॉसिटीचं संरक्षण होतं. अनुसूचित जातींचं तसं नाही. १९५० च्या आदेशानुसार आधी फक्त हिंदू, १९५६ पासून शीख आणि १९९० पासून बौद्ध एवढेच त्या यादीत येतात. दलित ख्रिश्चन किंवा दलित मुसलमानाला तीच शिवी दिली तर ॲट्रॉसिटी लागत नाही. शिवी देणारा मात्र समोरच्याचा धर्म विचारून शिवी देत नाही.

शिवी कुठे दिली, हेही पाहिलं जातं. अपमान ‘लोकांच्या नजरेसमोर’ व्हायला हवा, ही कायद्यातली अट आहे, आणि चार भिंतींच्या आत कुणी बाहेरचं नसताना झालेला अपमान तीत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात म्हटलं. वसतिगृह, शस्त्रक्रिया विभाग, संशोधन मार्गदर्शकाची केबिन, म्हणजे शिकलेल्या माणसांचा छळ जिथे चालतो, त्या बहुतेक जागा भिंतींच्या आतच असतात.

पायलची आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात जीवन संपवलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. शिक्षणसंस्थांतला जातिभेद रोखणारी यंत्रणा कागदावरच राहते, ती चालू करा, ही त्यांची मागणी. तिच्यातून पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे नवे समता नियम निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झाले. त्यात जातिभेदाची व्याख्या अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्याविरुद्धचा भेदभाव अशी होती. आमच्यावर कुणी जातीवरून अन्याय केला तर आम्ही कुठे जायचं, असं म्हणत खुल्या प्रवर्गातले विद्यार्थी रस्त्यावर आले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने नियमांना स्थगिती दिली. २०१२ चे जुने नियम चालू राहिले. कोलंबिया किंवा हार्वर्डच्या आवारात ज्यूद्वेषाच्या व्याख्येवरून जे चाललं आहे, ते आपल्या विद्यापीठांत जातीच्या व्याख्येवरून सुरू झालं. व्याख्येत कोण येतं यावर इतकी शक्ती गेली की वसतिगृहातल्या खोलीत नेमकं काय करायला बंदी असावी, हे बोलायला कुणाला उसंत राहिली नाही.

या बाबतीत महाराष्ट्राकडे स्वतःचा अनुभव आहे. अंधश्रद्धाविरोधी कायदा वर्षानुवर्षं रखडला, त्याचं मुख्य कारण श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांची सीमा कुणालाच आखता येत नव्हती. वारी बंद होणार, सत्यनारायण बंद होणार, असा गदारोळ उठायचा. २० ऑगस्ट २०१३ ला या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्या कायद्याच्या नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. आहे ती बारा कृत्यांची अनुसूची, आणि वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हा कायदा लागू नाही असं सांगणारं एक कलम. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवून छळतात, तेव्हा ठरवणाऱ्याच्या श्रद्धेची चौकशी करत बसावं लागत नाही. अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करून त्याला त्रास देणं हे कृत्यच अनुसूचीत आहे. २०१७ पासून लागू झालेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. त्यात बहिष्काराची कृत्यं मोजून दिली आहेत, आणि पीडित कोणत्याही जातीचा चालतो. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या भटक्या कुटुंबालाही तो वापरता येतो.

माझं मत या अनुभवावर उभं आहे. मनाची व्याख्या करणारा कायदा भांडण लावतो, कृत्यांची यादी करणारा कायदा टिकतो. यादीतून काहीतरी सुटतंच, हे मान्य. पण सुटलेलं कृत्य दुरुस्तीने जोडता येतं. १५ ची २९ झाली ती तशीच. सुटलेला समाज जोडणं त्याहून फार अवघड जातं, कारण तिथे हक्क, आरक्षण आणि मतं एकत्र येतात. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला गेला, पण पाल ठोकून राहणाऱ्या, दारोदार फिरणाऱ्या माणसाबद्दलचा संशय शिल्लकच राहिला. राईनपाड्यात अफवेला बळी कोण मिळाले, यात हा संशय आहे. भिकू इदाते आयोगाने भटक्या-विमुक्तांना ॲट्रॉसिटीसारखं संरक्षण द्या, अशी शिफारस केली. ती कायद्यात उतरलेली नाही.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला, तहसीन पूनावाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविरुद्ध स्वतंत्र कायदा करा, असं संसदेला सुचवलं. स्वतंत्र कायदा झाला नाही. भारतीय न्याय संहितेत १०३ व्या कलमाचं एक पोटकलम आलं. पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात किंवा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा ‘किंवा तत्सम कारणावरून’ खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. ‘धर्म’ हा शब्द या ओळीत नाही. ‘कारणावरून’ मात्र आहे, म्हणजे खैरलांजीत अडलेला शब्द संसदेने २०१५ मध्ये एका कायद्यातून काढला आणि २०२३ मध्ये दुसऱ्यात घातला. राईनपाड्यासारखी घटना उद्या घडली तर आरोपीचा वकील म्हणेल, मुलं पळवणारे समजून मारलं, जात कुणी विचारली? हे म्हणणं खोडून काढायला सरकारी वकिलाच्या हाती या पोटकलमात काही नाही.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येतो, तेव्हा राज्याला हात बांधून बसायची गरज नाही. मणिपूरने २०१८ मध्ये, राजस्थान आणि पश्चिम बंगालने २०१९ मध्ये, झारखंडने २०२१ मध्ये झुंडबळींविरुद्ध विधेयकं मंजूर केली. ज्या राज्यात राईनपाडा घडलं त्या महाराष्ट्राने असं विधेयक केलेलं नाही. ते करायला हवं. त्यात वाटसरूला अडवून ओळख पटवायला लावणं, पाल उठवणं, अफवा पुढे पाठवून जमाव गोळा करणं, कोंडून मारणं ही कृत्यं एकेक करून लिहावीत, तपासाचा दर्जा आणि मदतीचा तक्ता ॲट्रॉसिटीतून उचलावा, पीडिताच्या जातीची अट ठेवू नये, आणि पहिल्या कलमाची सुरुवात ‘द्वेष म्हणजे’ या शब्दांनी करू नये.